उन्हात ठेवलेले सेल

आमच्या भिसेगावच्या घरात टेपचे सेल उतरले की आई ते पत्र्यावर उन्हात ठेवायची. तापले की ते पुन्हा थोडे चालायचे. आप्पांचं गाणं भरलं तेही असल्याच सेलवर.

आप्पा म्हणजे माझे वडील. खोपोलीला कारखान्यात होते. जयंतीला आमच्या वस्तीत गाणी होत, त्यांत पुढचा आवाज त्यांचा असे. त्या हिवाळ्यात त्यांच्या घशात गाठ निघाली आणि मुंबईच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून कागद माझ्याकडे आले. मी ते वाचले आणि घडी घालून ठेवले.

"बोलता येनार नाय ना गं?" आप्पांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मंग एक गानं भरून ठेवू."

बाजारातले चाचा आप्पांचे मित्र. त्यांनी स्वतःचा टेप आणून दिला. "भावानं दुबईवरनं आणलाय. स्वतःपेक्षा त्यालाच जास्त जपतो," म्हणाले. आप्पांना आता एका दमात गाता येत नव्हतं आणि वाजवणाऱ्यांना दिवसभर बसवून ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून पेटी आणि ढोलकी आधीच एका कॅसेटवर भरून घेतली. मग चाचांच्या टेपवर ती लावायची, आप्पांनी सोबत गायचं आणि आमच्या टेपनं दोन्ही उचलायचं. आमचं मिक्सिंग एवढंच. पेटी फार मोठी झाली की मी चाचांचा टेप चुलीकडे सरकवायची. आवाज घुमू नये म्हणून आईनं भिंतींना गोधड्या टांगल्या. घाटासाठी गाड्यांना मागून जोडायची इंजिनं स्टेशनात शिट्टी देत, तेव्हा सगळे थांबत.

आमचा टेप विजेवर लावला की कॅसेटमध्ये बारीक घरघर उतरायची. ती आप्पांना नको होती. "कारखान्यात जलमभर तीच ऐकली," म्हणाले, "गान्यात नको." म्हणून त्यात सेल घातले. आप्पा एक कडवं म्हणत, खोकत, पाणी पीत, पुन्हा म्हणत. शेवटचं कडवं झालं तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. लगेच लावून ऐकलं. आवाज त्यांचाच होता, थोडा थकलेला.

"बास," आप्पा म्हणाले. "आता कापू देत काय कापायचं ते."

ऑपरेशननंतर ते घरी आले ते गळ्याला भोक आणि हातात पाटी घेऊन. कॅसेटचं नाव त्यांनी काढलं नाही, आम्हीही नाही. पाऊस लागल्यावर कशेळ्याची आत्या, त्यांची धाकटी बहीण, भेटायला आली. तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिलं : गाणं लाव.

सेल टेपमध्ये नव्हते. मी वायर लावली.

पहिली ओळ ठीक वाटली. मग आवाज चढत गेला. दुसऱ्या कडव्यात तो बारीक झाला, तिसऱ्यात एखाद्या मुलीचा. पेटीही त्याच्याबरोबर घाईत पळत होती. आत्या मान डोलवत होती.

"पोरीनं म्हटलंय व्हय?" ती माझ्याकडे बघत आईला म्हणाली. "ग्वाड हाय गं आवाज. कवा बोलत नाय, पन गाते बघ."

आप्पांनी पाटी उपडी केली.

गाताना सेल उतरत गेले होते आणि टेप हळू हळू फिरत गेला होता. त्याच सेलवर ऐकलं म्हणून तेव्हा कळलं नव्हतं. विजेवर टेप पूर्ण वेगानं धावत होता, म्हणून आवाज बारीक होत गेला. हे माझ्या लक्षात आलं, पण मी सांगण्याआधीच आई उठली होती. तिनं फळीवरच्या डब्यातून ते जुने सेल काढले, पदरानं पुसून टेपमध्ये घातले.

"आता लाव."

मी तिसरं कडवं लावलं. आप्पा गात होते. जाड, थोडा नाकातला, ओळीच्या शेवटी खाली बसणारा आवाज.

आत्यानं तोंडावर हात ठेवला. "दादा हाय ह्यो," ती म्हणाली, आणि समोर बसलेल्या भावाकडे बघायचं टाळलं.

कडवं संपलं. पुढच्या कडव्यात आवाज जड झाला, लांबत गेला, मग नुसती गुरगुर उरली आणि टेप थांबला. आप्पांनी बोट वर करून पत्र्याकडे दाखवलं.

"ऊन कुटं हाय?" आई म्हणाली. तरी तिनं सेल चुलीच्या कडेला ठेवले.

ते पुन्हा चालले नाहीत. मग चाचा दुकानातल्या रेडिओचे अर्धे उतरलेले सेल पाठवू लागले. कधी पहिलं कडवं आप्पांच्या आवाजात लागे, कधी चौथं. कोणतं लागेल ते सेल किती उतरलेत त्यावर होतं, आधी कळत नसे. ते लागलं की आप्पांचे ओठ हलत. कडवं सरलं की ते स्वतःच बटण दाबून बंद करत.

गौरीगणपती जाऊन चार दिवस झाले होते तेव्हा आप्पा गेले. अख्खं गाणं त्यांच्या आवाजात त्यांनी कधी ऐकलं नाही. आम्हीही नाही.