न पेटलेला कागद

घोटीच्या एका शाळेत मी एकोणीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो, राहायला नाशिकला. चमत्कार वगैरे गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. म्हणून जे मोजलं, तेवढंच सांगतो.

गेल्या डिसेंबरात नववीला भिंगाने कागद पेटवून दाखवायचा होता. मुलं अडतीस. हा प्रयोग मी दरवर्षी मैदानात करतो, पण त्या दिवशी तिथे कबड्डीचे सामने होते. मग प्रयोगशाळेतच दक्षिणेची खिडकी उघडली आणि ओट्यावर आलेल्या उन्हात भिंग धरलं. सव्वाअकराची वेळ, आकाश निरभ्र, कागद काळा. एरवी दहा-बारा सेकंदांत पेटतो.

एक मिनिट... दोन मिनिटं... काही नाही! ठिपका तर डोळ्यांत टोचेल इतका लख्ख. मी त्याखाली बोट धरलं — गार.

“सर, सूर्य आज सुट्टीवर हाय का?” मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मी हट्टाने भिंग धरून उभा. तीन मिनिटं झाली.

तेवढ्यात ओट्याजवळ उभ्या असलेल्या साक्षीच्या पेनाचं टोपण पडलं. ते उचलायला ती ओट्याखाली वाकली आणि ओरडली, “सर, इथं खाली गॅसचा लय वास येतोय!”

मला आठ दिवस सर्दी होती, नाक बंद. ओट्याखाली बर्नरचा सिलिंडर. सकाळी अकरावीच्या प्रॅक्टिकलनंतर तो मीच बंद केला होता... म्हणजे, केला असं समजलो होतो. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. कागद पेटला असता तर...

“दप्तरं राहू द्या, बाहेर चला!” सिलिंडर बंद करून मीही बाहेर आलो. व्हरांड्यात मुलं मोजली. दोनदा मोजली.

तासाभराने मैदानाच्या कडेला तेच भिंग, तोच कागद — अकराव्या सेकंदाला जाळ.

“आला बघा सर, सूर्य कामावर!” साक्षी म्हणाली. मला हसता आलं नाही.

माझी चूक मुख्याध्यापकांना लेखी दिली. घरी बायकोला सगळं सांगितलं. ढग नव्हता, मध्ये काच नव्हती, अंतर बरोबर होतं. प्रकाश होता आणि उष्णता नव्हती... असं होत नाही, हे मीच शिकवतो!

ती म्हणाली, “अहो, कारण नंतर शोधा. आधी हात जोडा.”

“कुणाला?”

“ते मला काय ठाऊक? तुम्ही जोडा.”

जोडले.

प्रयोगाच्या वहीत नोंद आहे — ‘वेळ तीन मिनिटे, कागद पेटला नाही.’ शेजारचा ‘कारण’ हा रकाना आजही कोरा आहे. दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला अडतीसच्या अडतीस ‘हजर सर’ आले. त्या कोऱ्या रकान्याखाली मी तेवढंच लिहून ठेवलंय.