बोअरिंग मशीन जेवायला जातं तेव्हा

आमच्या प्लॅनिंगच्या केबिनमध्ये एक पांढरा फळा आहे. त्यावरचे आकडे रोज संध्याकाळी पुसले जातात. किस्से पुसायची सोय नाही. ते नगर-सुपा बसमध्ये, डबा खाताना, चहाच्या मशीनपाशी साठत राहतात. त्यात मी अशी, की घरून निघाल्यावर गॅस बंद केला का म्हणून सासूबाईंना तीनदा फोन करते. माझ्या डोक्यातून काही जात नाही. नको ते तर मुळीच नाही.

सुप्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. पाण्याच्या पंपाच्या बॉडी बनवतो. कुठल्या मशीनवर दिवसाला किती माल निघेल, हे आधी सांगायचं माझं काम.

* * *

बाळंतपणाच्या लांबवलेल्या रजेवरून परत आले त्याच आठवड्यात एक देखणा चार्ट केला. घरी अकरा महिन्यांची लेक सोडून आलेय, तर निदान काहीतरी करून दाखवावं, असं वाटत होतं. बॉडीतलं भोक मापात कोरणारं बोअरिंग मशीन: एका पीसला चार मिनिटं, दोन शिफ्टचे सोळा तास, म्हणजे रोज दोनशे चाळीस पीस. रंगीत प्रिंट काढून मशीनवर चिकटवला.

पहिल्या शिफ्टचे ऑपरेटर भापकर मामा. बावीस वर्षं त्याच मशीनवर. चष्मा पुसून त्यांनी चार्ट शेवटपर्यंत वाचला.

"लई झ्याक काढलंय, मॅडम. फकस्त ह्यात मानूस पानी कवा पेतो, तेवढं दावा."

प्रत्यक्षात निघत होते एकशे साठ.

* * *

मग ती मीटिंग झाली. ग्राहक कंपनीला रोज दोनशे दहा पीस हवे होते. सहा दिवस सलग काढून दाखवा, नाहीतर काम दुसऱ्या कारखान्याकडे जाईल. नवीन बोअरिंग मशीन यायला सहा महिने.

आमचे प्लँट हेड गुंजाळ साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, कॅपॅसिटी आहे का?"

"आहे."

असं का म्हणाले, ते मला अजून कळलेलं नाही. काही माणसं भीतीनं गप्प बसतात, मी भीतीनं हो म्हणते. माझं लग्नही असंच ठरलं.

बाहेर ड्रिलिंग मशीनवरच्या मंगलताईंनी गाठलं. त्या पाथर्डीकडच्या, इथं सुप्यात खोली घेऊन राहतात.

"काम जानार म्हनत्यात. खरं का?"

"बघू या ना, ताई."

"बघा बरं. लाईन बंद पडली तर मला बी कोयता घ्यावा लागंल. आमचं मालक जात्यातच ऊसतोडीला. पोरगी हितल्या शाळेत चौथीला हाय. तिला कुठं ठिवू?"

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी गॅसची काळजी करायलाच विसरले.

* * *

वेळ जातो कुठं, हे शोधायला स्टॉपवॉच घेऊन मशीनपाशी उभी राहिले. तर मामांनी आधी केस विंचरले. मग एकेक पीस असा बसवू लागले, जणू मी लग्नाचं शूटिंग करतेय. चार मिनिटांच्या पीसला साडेसहा मिनिटं. घड्याळ पर्समध्ये टाकलं आणि समोर हिशेबाची वही उघडून, वहीत बघतेय असं दाखवत, नजर मशीनवर ठेवून बसले.

दीड वाजला. दुसरी शिफ्ट तीनला. मामांनी अडीचपर्यंत काम केलं आणि मशीन थांबवलं. फिक्स्चर म्हणजे पीस पकडून ठेवणारा साचा. तो सगळा खोलला. टूल काढलं. मशीन पुसून लख्ख केलं. तीनला संदीप आला. त्यानं तोच साचा, तेच टूल पुन्हा बसवलं आणि माप जुळवण्यात तासभर गेला. मग त्यानं तोच पीस काढायला घेतला, जो मामा अडीचपर्यंत काढत होते. रात्री संदीप मशीन खोलून पुसून ठेवायचा, सकाळी मामा पुन्हा जोडायचे. दोन वर्षं त्या मशीनवर दुसरा कुठला पीस लागलेलाच नव्हता.

"मामा, हे खोलता कशाला?"

मामांना माझी कीव आली. "दुसऱ्याच्या हातात उष्टं ताट द्यायचं व्हय?"

* * *

मी नोटीस लावली: शिफ्ट बदलताना सेटिंग काढू नये. मामांनी काढलं नाही. संदीपनं आल्याआल्या काढलं.

"मामांच्या सेटिंगवर पीस बिघडला तर नाव माझं लागणार, मॅडम."

दोघांना समोर उभं केलं आणि तोंडातून भलतंच निघालं. "मी घरी पोचते तेव्हा कधीकधी पोरगी सासूबाईंच्या मांडीवर झोपलेली असते. त्या ती झोपलेलीच माझ्याकडे देतात. उठवून, आंघोळ घालून देत नाहीत."

संदीप बुटांकडे बघत हसला. मामांनी मात्र खोलात जाऊन विचार केला.

"अन् मग रडली तर कुनाच्या नावावर?"

"दोघींच्या."

त्या दिवसापासून शिफ्ट बदलताना मशीन चालूच राहतं. त्या वेळचा पहिला पीस दोघं मिळून मापून बघतात आणि त्यावर मार्करनं दोघांची नावं लिहितात.

आठवड्याभरात फळ्यावर दोनशे तीन आले. सात कमी.

* * *

सात पीस म्हणजे अर्धा तास. पहिल्या शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असतं, तेवढाच. मामांना डबा सोडून उभं करणं माझ्या जिवावर आलं असतं. दुसरं कोण चालवणार? मी ऑपरेटरांची यादी तीनदा चाळली. यादीत बोअरिंगपुढे दोनच नावं.

"मी चालवते. मागनं जेवीन," मागच्या ड्रिलिंगवरून मंगलताई म्हणाल्या.

"तुला कुनी शिकिवलं?" मामा.

"सहा वर्षं तुमच्या पाठीमागं उभी हाय, मामा. पीस बसवताना डावा हात कवा सोडता, ते बी ठावं हाय. इचारलं का कुनी?"

कुणीच विचारलं नव्हतं. माझ्या चार्टनंही नाही.

पंधरा दिवस मामांनी शेजारी उभं राहून शिकवलं, मग गुंजाळ साहेबांनी परीक्षा घेतली. परीक्षेचा पीस मामांनी भोकात मापाचं गेज घालून तीनदा तपासला. "बरोबर हाय," ते म्हणाले, गेजनंच दगा दिल्यासारखं तोंड करून. आणि दुसऱ्या दिवशी जेवायला जाताना आपला स्वतःचा हातरुमाल त्यांनी ताईंसाठी मशीनवर ठेवला.

* * *

चाचणीचे सहा दिवस: दोनशे दहा, दोनशे अकरा, दोनशे दहा, दोनशे दहा, दोनशे बारा, दोनशे दहा.

सोमवारी ग्राहक कंपनीचे साहेब न सांगता आले. आमचे तासातासाच्या नोंदींचे कागद त्यांनी उलटसुलट पाहिले. "सुट्टीतसुद्धा पीस निघतात? तुमचं मशीन कागदावर जेवत नाही वाटतं."

गुंजाळ साहेबांनी घड्याळ पाहिलं. सुट्टीची घंटा होऊन दहा मिनिटं झाली होती. आम्ही मशीनच्या शेडमध्ये गेलो. सगळीकडे शांतता, फक्त बोअरिंग मशीनचा आवाज. पलीकडे बाकावर मामा भाकरी खात बसलेले.

"ऑपरेटर तुम्ही ना?" साहेबांनी विचारलं.

"व्हय. मी जेवतोय," मामा म्हणाले आणि भाकरीच्या तुकड्यानंच मशीनकडे बोट दाखवलं.

साहेब तिकडे गेले. मंगलताईंच्या शेजारी उभं राहून त्यांनी एकामागून एक चार पीस निघताना पाहिले, चारही स्वतः मापून पाहिले. मग फाइल मिटली आणि हात पुढे केला.

"ताई, काम इथंच राहणार. अभिनंदन तुमचं."

ताईंच्या एका हातात पीस होता, दुसऱ्यात गेज.

"बरं," त्या म्हणाल्या. "जरा बाजूला व्हा साहेब, उजेड अडतोय."