तंबूतला खलाशी

ओली वाळू, रॉकेल आणि खारवलेलं कापड यांचा मिसळलेला दर्प आजही अवचित भेटला, की माझ्या मनातला जुना संशय सावध होऊन बसतो. एकोणीसशे पन्नास ते साठच्या दरम्यानच्या त्या वर्षांत मालवणच्या किनाऱ्याजवळ हिवाळ्यात सिनेमाचा तंबू पडे. लागोपाठ तीन हिवाळे तिथे एकाच विलायती मालिकेचे तीन भयपट आले. आकाशातून समुद्रात काहीतरी पडलेलं आणि ते माणसं गिळत सुटलेलं. पहिल्यात दीपगृह, दुसऱ्यात बर्फातलं गाव, तिसऱ्यात मालवाहू बोट. एकातली माणसं दुसऱ्यात नाहीत, पाण्याखालून घुमणारा आवाज तेवढा समान. मग ही एकच गोष्ट कशी म्हणावी?

ती एक केली पास्कूने. पडद्याशेजारी कर्णा घेऊन तो इंग्रजी बोलण्याचा अर्थ मालवणीत सांगे. तिन्ही कथांत त्याने पदरचा एक खलाशी घुसडला होता. पडद्याच्या कोपऱ्यात कुणी पळताना दिसला, की तो सांगे, "तो बघा आपलो खलाशी, वाचलो तो." मी शाळामास्तर, इंग्रजी जाणणारा, मला ही लबाडी झोंबे. त्यातून बायकांच्या बाजूला माझी वहिनी बसलेली, आणि दादा आगबोटीवर खलाशी म्हणून गेलेला, तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत तर वर्षभर त्याचं पत्र नाही. हा गृहस्थ कुणासाठी खलाशाला वाचवतो आहे? वहिनीकडे त्याने पाहिलं तरी मला वहीम येई, नाही पाहिलं तर अधिकच येई. संशयाला पुरावा कशाला लागतो! तो आपला शिधा आपणच शिजवून खातो.

तिसऱ्या चित्रपटात बोट बुडाली. कप्तानाने स्वच्छ सांगितलं, कुणीही उरलं नाही. कर्ण्यातून मात्र पास्कूचा आवाज आला, "आपलो खलाशी पोवत पोवत किनाऱ्याक लागलो."

घरी परतताना वहिनी माडांखाली थांबली. "भावजी, तुमका इंग्रजी येता. खरां सांगा, तो वाचलो?"

तीन हिवाळे मी पास्कूला खोटा ठरवायला टपलो होतो. "वाचलो," मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विश्वास नव्हता, याची मला आजही लाज वाटते.

पुढल्या महिन्यात आगबोट कंपनीचा इंग्रजी लिफाफा आला. घरातली अशी पत्रं नेहमी मी वाचून दाखवायचो. मी ओटीवर चष्मा पुसत बसलो होतो; वहिनी लिफाफा घेऊन माझ्यासमोरून गेली आणि थेट पोस्टमास्तरांकडे चालू लागली. तासाभराने परतली, पायरीवर बसली, आणि न रडता म्हणाली, "तुमचे दादा गेले."

मी उठलो, तेव्हा तिने हाताने मला थांबवलं.

"तुमी माका ह्यां सांगलां नसतात."