नाताळची रात्र आणि माझं कॉलेज

आमच्या आयसीयूत मी एकटा ब्रदर, बाकी सगळ्या सिस्टर. जाडजूड पेशंट उचलायचा असला की "ब्रदर!" आणि नाताळ जवळ आला की "ब्रदर, प्लीज!" वसईच्या हॉस्पिटलात नर्स असून ख्रिस्ती नसणाऱ्याचा भाव काय असतो, ते डिसेंबरात कळतं. चोवीसच्या रात्री सगळ्यांना चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जायचं असतं, मला नसतं. त्या एका रात्रीच्या बदल्यात वर्षभरात कुठलीही सुट्टी मागावी, कुणी नाही म्हणत नाही.

त्या वर्षी मला सुट्ट्या हव्या होत्या त्या कॉलेजं बघायला. नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स करायचं डोक्यात घेतलं होतं. पेशंटचा श्वास चढायला लागला की मला समोर सगळं दिसत असतं, पण डॉक्टरांचा फोन लागेपर्यंत हात बांधून उभं राहावं लागतं. हा कोर्स केला तर निदान पहिली पावलं तरी आपली आपण उचलता येतील. ही एक गोष्ट मी मनापासून मागत होतो.

बायको बँकेत. सकाळी नायगावहून निघते ती दिवेलागणीला परत. मुलगी चौथीत, मुलगा बालवाडीत. म्हणून मी कायम नाइट घेतो आणि दिवसा मुलांना सांभाळतो. म्हणजे मी सोफ्यावर झोपतो आणि मुलं मला सांभाळतात.

कॉलेजंही मुलांना घेऊनच बघितली. पहिल्याच ठिकाणी मॅडमनी विचारलं, "दिवसा मुलांकडे कोण बघतं?"

"मी," मी छाती काढून म्हणालो.

"बाबा झोपलेले असतात," मुलगी म्हणाली. "मी त्यांच्या अंगावर चादर घालते."

ते कॉलेज तिथेच बाद झालं. म्हणजे त्यांनी मला बाद केलं.

दुसरं मुंबईत. पूर्ण वेळ, हॉस्टेलवर राहायचं, वॉर्डात घाम गाळायचा. तिथून निघताना मला वाटत होतं, उद्याच सुरू करावं. तिसरं हायवेला लागून, घरापासून स्कूटरच्या अंतरावर. लिफ्ट छान, कँटीन झकास. आयसीयूत चार खाटा, त्यातल्या एकीवर खोकी. मुलांचा विचार करून मी हेच निवडलं, आणि स्वतःच्या त्यागाने माझे डोळे भरून आले.

या प्रत्येक फेरीसाठी मी एकेका सिस्टरशी ड्यूटी बदलली होती. तिघींनी बदल्यात चोवीसची रात्र मागितली, मी तिघींना दिली. डिसेंबर तेव्हा फार लांब होता.

तो आला. इनचार्ज सिस्टर रोस्टर लावायला बसल्या आणि तिघींनी एकाच वेळी सांगितलं, "आमच्या जागी ब्रदर आहे."

"तिघींच्या जागी?" इनचार्ज माझ्याकडे वळल्या. "तू काय पाव आहेस, तुकडे करून वाटायला?"

मी खाली बघितलं. माझा कोर्सचा अर्ज त्यांच्याच टेबलावर, त्यांच्या सहीसाठी पडला होता.

"आणि हा प्रॅक्टिशनर होणार! कुठलं कॉलेज घेतलंस?" मी सांगितलं. "आयसीयू केवढं आहे?"

"चार खाटा. एकीवर खोकी होती."

"मग खोक्यांचं बीपी घेणार?"

"मुलं लहान आहेत, सिस्टर."

"मुलांच्या आड लपू नकोस. बायकोला विचारलंस?"

मी टेबलावरचा अर्ज उचलला.

"तिला विचारून ये. मग सही."

तेवढ्या वेळात मागे तिघींनी आपसात मिटवलंही होतं. एक संध्याकाळच्या मिस्साला जाऊन ड्यूटीवर येणार, एक मध्यरात्रीच्या, आणि एक ड्यूटी संपवून सकाळच्या मिस्साला जाणार. सबंध रात्रीला मी होतोच. मला कुणी काही विचारलं नाही.

घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"कॉलेजं बघतोयस ते पोरीने पहिल्याच दिवशी सांगितलं मला," ती म्हणाली. "तू कधी सांगतोस, याची वाट बघत होते. आणि चोवीसच्या रात्री मुलांना येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे बघायला नेतो म्हणालायस, ते तरी आठवतंय का?"

म्हणजे ती रात्र मी चौथ्यांदाही विकली होती. घरच्या घरी.

"आईशी बोललेय मी," ती म्हणाली. "ती जूचंद्रहून येऊन राहील. तू मुंबईचंच घे."

"पण जवळचं घेतलं तर मी रोज घरी असेन."

"तेच तर. रोज घरी असशील आणि रोज कुणाला तरी काहीतरी कबूल करशील."

मी अर्जावरचं कॉलेज बदललं. दुसऱ्या दिवशी इनचार्ज सिस्टरनी मुकाट सही केली आणि रोस्टरमध्ये चोवीसच्या जोडीला एकतीसची रात्रही माझ्या नावावर टाकली. ती मात्र मी कुणालाच दिलेली नव्हती.