पाच गावांचा एक आवाज

६ डिसेंबर १९८२, सोमवार, सकाळचे नऊ चाळीस. खालापूर तालुक्यातल्या एका रासायनिक कारखान्याच्या कचेरीबाहेर आम्ही चौघे बाकावर बसलो होतो : पाच गावांच्या संयुक्त समितीचे तीन प्रतिनिधी आणि टिपणे घेणारी मी. भेट दहाची होती. तोवर मी तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले होते.

मागणी एकच होती. कारखाना ओढ्यात आम्लाचे पाणी सोडत होता आणि भातानंतर पेरलेला वाल पिवळा पडत चालला होता. त्या आठवड्यात पाणी थांबले नाही, तर खालच्या चार गावांचा वाल जाणार होता. पूर्वी प्रत्येक गाव स्वतंत्रपणे येई. कारखाना एकाला टँकर देई, दुसऱ्याच्या पोरांना रोजंदारी, आणि बोलणे तिथेच संपे.

मी चोवीस वर्षांची, कर्जतच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके घेणारी. वाचन मात्र परराष्ट्रकारणाचे चाले. पश्चिम युरोपातल्या दहा देशांच्या संघाने बाहेरच्या जगाशी एका आवाजात बोलण्यासाठी बसवलेली पद्धत मला एखाद्या अचूक उपकरणासारखी वाटे. अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी फिरते. आधीचा, आत्ताचा आणि पुढचा अध्यक्ष मिळून बाहेरच्यांना भेटतात. दहाही जणांचे एकमत झाल्याशिवाय संघाच्या नावाने शब्द उच्चारायचा नाही. ऑक्टोबरात देवळातल्या सभेत मी हे सारे मांडले.

"धा राजं आनि बोलनार एकच?" आमच्या गावचे प्रतिनिधी, म्हणजे माझे काका, म्हणाले. "मंग बाकीचं नऊ काय नुस्ता चा पितात?"

"ते आधी आपसात भांडून घेतात, काका. बाहेर भांडत नाहीत."

"मंग अर्धं तर आमाला येतंच हाय!" सभा हसली आणि पद्धत मंजूर झाली.

अध्यक्षपद महिन्यामहिन्याने फिरवायचे ठरले. क्रम त्या दहांप्रमाणे वर्णमालेने लावावा, ही माझी सूचना कोणालाच पटली नाही. जत्रेत देवीची पालखी ज्या क्रमाने पाच वेशींवर थांबते, तोच मानाचा क्रम. वाद टळतो म्हणून मी तत्काळ होकार दिला. डिसेंबरात पाळी कोणाची, हे मोजलेच नाही. ती आली वरच्या गावाची. ते ओढ्यावर कारखान्याच्याही वर. हे पाणी त्यांच्या शेतात येत नव्हते आणि त्यांची बरीच मुले कारखान्यात कामाला होती. नोव्हेंबरचे मावळते अध्यक्ष सोबत होते; जानेवारीची पाळी आमची, म्हणून काकाही.

दहाला व्यवस्थापकांनी आत बोलावले. डिसेंबरचे अध्यक्ष म्हणून वरच्या गावच्या सरपंचांनी मागणीचा कागद वाचायचा होता. त्यांनी घडी उलगडली, पाहिली, पुन्हा घातली.

"शिमग्यापत्तुर काय ते बगा, सायेब. घाई नाय."

शिमग्यापर्यंत वाल उरणारच नव्हता. मी काकांकडे पाहिले. मानाचा माणूस बोलत असता मध्ये तोंड घालायचे नाही, ही पालखीची रीत. समितीच्या नियमांत ती मीच लिहिली होती.

"हे समितीचे म्हणणे नाही," मी म्हणाले. "पाणी आजच बंद व्हावे. कागदावर पाचही गावांच्या सह्या आहेत."

सरपंच माझ्याकडे वळले. "पाळी कोनाची हाय गं बाय? तुजी का माजी?"

व्यवस्थापकांनी खुर्ची मागे सरकवली. ते रागावलेही नाहीत. "तुम्ही आधी आपसात ठरवा, मग या."

दहा वाजून सहा मिनिटांनी आम्ही बाहेर होतो.

"गप ऱ्हायली असतीस, तर शिमग्याचा तरी वायदा मिळाला असता," काका म्हणाले.

"त्या वायद्याचं काय करणार होतात?"

"काय बी नाय. पन पाच गावांचा झाला असता तो."

एकमताच्या पद्धतीत ज्याचे नुकसान सर्वांत कमी, त्याचा शब्द सर्वांत जड ठरतो, हे मी वाचलेल्या एकाही लेखात नव्हते.

एसटीची वाट न पाहता मी बांधाबांधाने ओढ्यावर गेले, बाटली भरली आणि दुपारी प्रयोगशाळेत पाण्याचा सामू मोजला. शुद्ध पाण्याचा सात. आकडा जितका खाली, तितके आम्ल तीव्र. चंचुपात्र दोनदा धुतले, तिसऱ्यांदा मोजले, तरी काटा तिथेच येऊन थांबला. वहीत लिहिले : ३.४.