मॅडम, कावळा शिवला

रेवा दिघे औषधाच्या दुकानातून पॅडचं पाकीट घ्यायची आणि दुकानदार ते वर्तमानपत्रात गुंडाळू लागला की त्याला अडवायची. "भिया, चोरी का माल है क्या?" मग ते उघडं पाकीट हातात धरून देवासच्या भर बाजारातून चालत यायची. मी लाजून चार पावलं मागे.

अकरावीत आमच्या शाळेने काही मुलींना आरोग्याचं प्रशिक्षण दिलं. दर शनिवारी त्यांनी खालच्या वर्गांतल्या मुलींना शिकवायचं, कारण मुली बाईंपेक्षा मुलींचं जास्त ऐकतात. रेवा त्यांत सगळ्यात पुढे. ती सगळ्यांना, अगदी मुलींनाही, भियाच म्हणायची, म्हणजे भैया. तिचं मराठी निम्मं हिंदी, पण मागच्या बाकावरची मुलगीही तिला न लाजता प्रश्न विचारायची. एका शनिवारी ती सांगत होती, भरपूर पाणी प्या, लघवी रोखून धरू नका. नववीतल्या एकीने विचारलं, "पीकर जाएँगे कहाँ, दीदी?"

मुलींच्या संडासाला कुलूप असायचं आणि किल्ली जामदार मॅडमकडे. त्या आमच्या सुपरवायझर. आडनावाला जागून किल्ल्या सांभाळायच्या. ऑफिसात बाबूलोकांसमोर उभं राहायचं आणि मॅडम मान वर न करता म्हणायच्या, "कारण सांगा." मेलं, संडासला जायला कारण लागतं? मुली मग पाणीच प्यायच्या नाहीत. मीही त्यातलीच. एक दिवस थंडी वाजून ताप भरला, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता, मला दवाखान्यात ठेवलं. मॅडमनी निरोप धाडला की आजकालच्या मुली फार नाजूक. ते वाक्य मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

रेवा भेटायला आली तेव्हा आई नर्सला सांगत होती, हिला त्यात कावळाही शिवलाय. आमच्याकडे पाळीला अजून हाच शब्द. नर्स बिचारी माळव्यातली, चोच कुठे लागली ते शोधू लागली. रेवा पोट धरून हसली. मग एकदम थांबून म्हणाली, "भिया, हा शब्द मला दे. मॅडमला बरोबर समजेल."

मी शाळेत परतले त्या दिवशी रेवाने वर्गावर्गांत जाऊन मुलींना पहिल्याच तासाला बाटलीभर पाणी प्यायला लावलं. आरोग्यशिक्षणच होतं ते, कोण काय बोलणार! मग एकेक मुलगी ऑफिसात. मॅडमनी कारण विचारलं की उत्तर एकच, "मॅडम, कावळा शिवला." शर्मा, खान, पाटीदार, सगळ्यांच्या तोंडी मोडकंतोडकं मराठी. बाबू खिडकीतून कावळा शोधायचे. मॅडम जुन्या मराठी घरातल्या. त्यांना अर्थ कळत होता आणि बाबूंना सांगता येत नव्हता. कानापर्यंत लाल झाल्या होत्या! मधल्या सुट्टीनंतर तर पोरी नुसतं "काव" म्हणू लागल्या. शाळा सुटायच्या आत कुलूप निघालं आणि पुन्हा लागलं नाही. माझ्या जिवाला काय गार वाटलं म्हणून सांगू!

मॅडमनी रेवाचं शिकवणं बंद केलं आणि तिच्या वडिलांना बोलावून, मुलीला वळण नाही असं सुनावलं. वडील पीथमपूरला कारखान्यात होते. वर्ष संपताच ते तिला तिकडेच घेऊन गेले. जाताना तिने मला रडू दिलं नाही. "पाणी पीत जा, भिया," एवढंच म्हणाली.

आता त्याच शाळेत मी शिकवते. गेल्या महिन्यात मुलींच्या आरोग्य-गटाच्या कार्यक्रमाला जामदार मॅडम पाहुण्या म्हणून आल्या. निवृत्त झाल्यात, गुडघे गेलेत. भाषणं लांबली, तशा त्या माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, बाथरूम कुठे आहे?" इतकी वर्षं माझ्या जिभेवर होतं ते. मी दारात उभी होते, तिथून न हलता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कारण सांगा, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं. मग मी बाजूला झाले.

घरी येऊन रेवाला फोन केला. वाटलं, पोट धरून हसेल. तिने विचारलं, किती थांबवलंस? मी म्हटलं, क्षणभर.

"तेवढंही नाही, भिया. सूड बाईवर उगवायचा, तिच्या मूत्राशयावर नाही."

खरंच आहे तिचं. पण दवाखान्यात सलाइन लावून मी पडले होते, ती नव्हे. तो क्षण मी कुणाला परत देणार नाही, रेवालासुद्धा नाही.