जमीलची खोली आणि आमचा निषेध

आमचं मंडळ लिहितं कमी आणि निषेध जास्त करतं. त्यामुळे कवितासंग्रह पातळ होत गेले आणि किस्से साचत गेले! गेल्या वर्षीचे बहुतेक जमीलच्या खोलीचे.

जमील आमच्या पुस्तकांची मुखपृष्ठं करतो. घर मालेगावात, माग चालवणारं. नाशकात प्रेसमध्ये नोकरी लागली, पण खोली मिळेना. घरमालक फोनवर "या की" म्हणायचे आणि नाव कळलं की खोली 'आधीच गेलेली' असायची. बिचारा रोज एस.टी.नं ये-जा करायचा, उशिरा पोचायचा. प्रेसवाल्यानं शेवटचं बजावलं होतं: नाशकात राहा, नाहीतर दुसरं बघ.

मंडळ पेटून उठलं.

* * *

आधी निषेधाचं पत्रक. मजकूर लगेच झाला, भांडण सह्यांवरून. पहिलं नाव कुणाचं? शेवटी वयानुसार ठरलं. आयुष्यभर वय चोरणारे दोघं त्या संध्याकाळी चांगलेच म्हातारे झाले!

पत्रकाची मांडणी अर्थात जमीलचीच. त्यानं भीतभीत विचारलं, "सर, खाली माझा नंबर टाकू? कुणाला खोली माहीत असली तर..."

अध्यक्ष म्हणाले, "नको. पत्रकाची उंची कमी होते."

* * *

मग निषेध कविसंमेलन. सूत्रसंचालकानं सवयीनं "आजच्या या मंगल प्रसंगी" अशी सुरुवात केली. सवयीनंच जमीलचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. कशाबद्दल, ते सांगायचं राहिलं. खोली न मिळाल्याबद्दलच असणार! टाळ्या मात्र पुष्कळ पडल्या.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "घरी काय म्हणाले रे?"

"भाईनं शाल हातात घेऊन बघितली. बोला, पॉलिस्टर है."

* * *

आमचे कथाकार वसंतराव जमीलवर कथा लिहायला बसले. रोज फोन. "मालकानं दार पूर्ण उघडलं होतं, की फटीतून बोलला? 'नाही' म्हणताना खाली बघत होता का?"

एकदा जमील आनंदानं सांगत आला, "पंचवटीत एक जण हो म्हणतोय, बहुतेक जमेल!"

वसंतरावांचा चेहरा पडला. "अरे, मग शेवटाचं काय करू?"

पंचवटीचंही फिसकटलं. कथेला बक्षीस मिळालं.

* * *

चित्रकार मंदाताईंनी तर जमीललाच उभा करून चित्र काढलं: बंद दारासमोर पाठमोरा माणूस, हातात पिशवी. प्रदर्शनात ते कॉलेज रोडच्या एका गृहस्थांनी घेतलं. पोचवायला मी आणि जमील गेलो. जिन्यात तो थबकून मला म्हणाला,

"ताई, इथं मी येऊन गेलोय. खोली कालच दिली, म्हणाले होते."

मला संताप आला. म्हटलं, चल परत, नाही द्यायचं यांना चित्र.

"आता आलोय तर देऊन टाकू," जमील म्हणाला, "लय जड हाय."

गृहस्थांनी त्याला ओळखलं नाही. चित्रासमोर मात्र बराच वेळ उभे राहिले. चष्मा काढून डोळे पुसले. "काय दिवस आलेत! माणूस माणसाला घरात घेत नाही!"

मग जमीलकडे वळले. "लावून द्याल ना?"

"देतो की. कुठं लावू?"

त्यांनी हॉलभर नजर फिरवली. "इथं पाहुण्यांची ये-जा फार. असं करा, वरची खोली केव्हाची रिकामी पडलीय. तिथंच राहू दे याला."